मोटारगाडीचा सौदा घरबसल्या

बैल विकत घ्यावयाचा झाल्यास आपला शेतकरी काय करतो? तो जनावराचे दात पाहतो, त्यास दहा पावले चालवून पाहतो, खांद्यावरून हात फिरवतो. आणि मग उपरण्याखाली दलालाची बोटे धरून भाव ठरवतो. तेही एकट्याने नव्हे. सोबतीस गावातील एखादा जाणता गृहस्थ असतोच. परंतु हाच शेतकरी मुलाबाळांसाठी मोटारगाडी घ्यावयास शहरात जातो, तेव्हा बैलाच्या कितीतरी पट रकमेचा व्यवहार अर्ध्या तासात, थंडगार शोरूममध्ये चहा घेत घेत, न वाचलेल्या कागदांवर सह्या करून उरकून येतो. हे विचित्र खरे, पण आमच्या नित्य पाहण्यातील आहे.

एके काळी गाडी घेणाऱ्यास घासाघीस करण्याची सोयच नव्हती. गाड्यांचे नमुने दोन-तीन, आणि नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावयाची. १९८३ साली मारुतीची पहिली छोटी गाडी रस्त्यावर आली आणि चित्र पालटू लागले. आज इंदूरच्या आग्रा-मुंबई रस्त्याने व देवास नाक्याच्या बाजूने फिरले, तर एकाच कंपनीचे अनेक विक्रेते आढळतात. शिवाय देवास, उज्जैन, धार येथील विक्रेतेही मोबाईलवर एका निरोपाच्या अंतरावर आहेत. महूजवळच्या खेड्यातील कुटुंबास आता पाच विक्रेत्यांकडे हेलपाटे घालण्याचे कारण उरलेले नाही. ही मोठीच सोय होय. मात्र सोय ही दुधारी असते; घरबसल्या बचत करता येते, तसेच घरबसल्या लुबाडलेही जाता येते.

प्रथम हे ध्यानी घ्यावे की गाडीची किंमत ही एक रक्कम नसून अनेक रकमांची मोळी आहे. जाहिरातीत दिसते ती शोरूम किंमत. तीत वस्तू व सेवा कर समाविष्ट असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरपर्यंत लांबीच्या व १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर, तसेच तितक्याच लांबीच्या १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर हा कर १८ टक्के झाला. त्याहून मोठ्या गाड्यांवर तो ४० टक्के आहे. शोरूम किमतीवर राज्याचा वाहन कर, नोंदणी, विमा व फास्टॅग यांची भर पडते. शोरूम किंमत १० लाखांच्या वर गेली, तर १ टक्का आयकर विक्रेता वसूल करतो. तो खर्च नव्हे, आयकर विवरणपत्र भरून त्याची वजावट किंवा परतावा मिळवता येतो.

या मोळीतील सरकारी काड्यांना हात लावता येत नाही. त्या सर्व विक्रेत्यांकडे सारख्याच. घासाघीस करावयाची ती उरलेल्या काड्यांवर: विक्रेत्याची सूट, विमा, सीटकव्हर-मॅटसारखे जोडसामान, वाढीव वॉरंटी, आणि ‘हँडलिंग’ अथवा ‘लॉजिस्टिक’ या नावाने मागितली जाणारी रक्कम. ही शेवटची रक्कम कोणत्या सेवेबद्दल व कोणत्या नियमाने घेता, एवढाच प्रश्न नम्रपणे लेखी विचारावा. पुष्कळदा ती तत्काळ गळून पडते.

विम्याविषयी तर विशेष जागरूक राहावे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या खाजगी मोटारीस ३ वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. परंतु तो विक्रेत्याच्याच हातून घेतला पाहिजे अशी सक्ती मुळीच नाही. त्याच गाडीचा, त्याच विमामूल्याचा दर अन्य दोन-तीन कंपन्यांकडून मागवावा आणि विक्रेत्यापुढे ठेवावा. फरक काही हजारांचा निघणे नवलाचे नाही.

आता प्रत्यक्ष सौद्याची रीत सांगतो. गाडीचे नाव, उपप्रकार व रंग आधी घरात बसून, बायकोमुलांसह ठरवावा. मग चार विक्रेत्यांस शब्दशः एकच निरोप पाठवावा: ‘आम्हास अमुक गाडी अमुक महिन्यात घ्यावयाची आहे. शोरूम किंमत, सूट, वाहन कर, विमा, जोडसामान व इतर आकार स्वतंत्र ओळींत लिहून, मुदतीच्या तारखेसह दरपत्रक पाठवावे.’ उत्तरादाखल बहुधा फोन येतो व ‘एकदा शोरूमला तर या’ असा आग्रह होतो. त्यावर शांतपणे पुन्हा लेखी दर मागावा. बोललेले वाऱ्यावर जाते, लिहिलेले मोबाईलमध्ये राहते.

चारही दरपत्रके वहीत शेजारी शेजारी उतरवून काढावी आणि केवळ सूट न पाहता अखेरची बेरीज पाहावी. एका हाताने २० हजारांची सूट देऊन दुसऱ्या हाताने विमा व जोडसामानात ती परत घेणे, ही जुनीच युक्ती आहे. त्यानंतर सर्वांत कमी दर इतरांस दाखवून ‘यापेक्षा उत्तम देता येईल काय’ असे विचारावे. येथे एक गोष्ट आग्रहाने सांगणे आम्हास प्राप्त आहे. न मिळालेला दर मिळाला म्हणून सांगू नये. विक्रेत्याचा तरुण नोकरदारही कोणाच्या तरी घरचा कर्ता मुलगा असतो. त्याच्याशी खोटे बोलून मिळवलेले चार पैसे आपल्या घरास शोभत नाहीत. सत्य दरपत्रक हातात असता असत्याची गरजही पडत नाही.

वेळ निवडण्यातही शहाणपण आहे. महिनाअखेर व मार्चअखेर विक्रेत्यांस विक्रीचा आकडा गाठावयाचा असतो. जानेवारीत गेल्या वर्षी बनलेल्या गाड्या स्वस्त मिळतात. मात्र अशी गाडी पुढे विकताना एका वर्षाने जुनी धरली जाते, हे जाणूनच ती घ्यावी. म्हणून पूर्ण रक्कम देण्यापूर्वी १७ अक्षरांकांचा चॅसी क्रमांक व निर्मितीचा महिना लेखी मागावा, आणि गाडी ताब्यात घेताना तो प्रत्यक्ष ताडून पाहावा.

इंदूरकरांस आणखी एक संधी लाभली. २०२४ व २०२५ साली उज्जैन येथे विक्रमोत्सवानिमित्त भरलेल्या व्यापार मेळ्यात वाहन करात ५० टक्के सूट होती. ग्वाल्हेरच्या मेळ्यातही तशीच सवलत दिली गेली. उज्जैनची अट अशी की गाडीची कायम नोंदणी तेथीलच परिवहन कार्यालयात व्हावी. म्हणूनच इंदुरात राहणाऱ्या काही गाड्यांवर एमपी ०९ ऐवजी एमपी १३ दिसते. मेळा जाहीर झाल्यास लाभ अवश्य घ्यावा. परंतु त्या दिवसांत विक्रेत्याची स्वतःची सूट आखडली तर नाही ना, हे मेळ्यापूर्वीच्या दरपत्रकाशी ताडून पाहावे.

कर्जाविषयी दोन शब्द. विक्रेता ‘महिना फक्त आठ हजार’ असे म्हणतो, तेव्हा मुदत विचारावी. समजा ५ लाखांचे कर्ज ९ टक्के दराने ५ वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे १०,३८० रुपये व एकूण व्याज सुमारे १ लाख २३ हजार. तेच ७ वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे ८,०४५ रुपये, पण व्याज सुमारे १ लाख ७६ हजार. हलक्या हप्त्याची किंमत ५३ हजार रुपये! १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जाबरोबर सर्व आकार एकत्र दाखविणारे विवरणपत्र देणे रिझर्व्ह बँकेने सक्तीचे केले आहे. ते मागून घ्यावे व सही करण्यापूर्वी वाचावे.

जुनी गाडी घेणाऱ्यांस तर अधिकच सावध केले पाहिजे. मोबाईलवर सुंदर छायाचित्र, बाजारापेक्षा फारच कमी भाव, आणि ‘मी लष्करात आहे, तातडीने बदली झाली’ अशी कथा. मग वाहतुकीच्या नावाने आगाऊ पैशांची मागणी. महूची छावणी जवळ असल्यामुळे आपल्या भागात ही कथा सहज पटते. गाडी डोळ्यांनी पाहिल्याखेरीज एक रुपयाही पाठवू नये. आणि पैसे घेण्यासाठी गुप्त पिन कधीच लागत नाही, हे घरातील प्रत्येकास शिकवावे. गाडीचा मालक कोण, कर्जाचा बोजा आहे काय, विमा चालू आहे काय, हे परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर पाहता येते. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून अधिकारपत्राचे नियम आले आहेत. ते अधिकारपत्र दाखवावयास सांगावे. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प न बसता त्याच घटकेस १९३० या क्रमांकावर कळवावे. उशीर होईल तितके पैसे हातचे जातात.

‘आजच नोंदवा, उद्या भाव वाढेल’ असे सांगून खोटी घाई लावणे, आणि न मागितलेली वस्तू हिशेबात गुपचूप घालणे, या दोन्ही गोष्टी केंद्र शासनाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाईन व्यापारासाठी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत निषिद्ध १३ प्रकारांत गणल्या आहेत. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते; विक्रेत्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. परंतु तेथेही कागदच बोलतो. म्हणून नोंदणीची रक्कम परत मिळण्याची अट लेखी घ्यावी, पैसे विक्रेत्या संस्थेच्या बँक खात्यातच भरावे, कोणा नोकराच्या खाजगी खात्यात नव्हे, आणि प्रत्येक पावती जपावी.

वाचकहो, गाडी ही चैन राहिलेली नाही. आजारी आईस रात्री इंदूरच्या रुग्णालयात नेणे, मुलीस परीक्षेस वेळेवर पोचविणे, भाजी बाजारात नेणे, अशी कितीतरी कामे तिच्यावाचून अडतात. पण तिच्यापोटी गेलेले जादा ५० हजार म्हणजे एखाद्या लेकराचे वर्षभराचे शिक्षण असू शकते. तेव्हा बैलबाजारातील ती जुनी सावधगिरी मोबाईलच्या बाजारातही सोडू नये. घरातील शिकल्यासवरल्या मुलामुलींस सोबतीस घ्यावे, रात्र मध्ये जाऊ द्यावी, आणि सकाळी पुन्हा एकदा बेरीज करून मगच होकार कळवावा.