एका औषधावर पेटंटे किती?

पेटंट औषधाला नव्हे, शोधाला मिळते. त्यामुळे मूळ रेणू, त्याचा क्षार व निर्मितीप्रक्रिया यांवर वेगवेगळी पेटंटे असू शकतात. भारतात प्रत्येकाची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असते. नूतनीकरण शुल्क न भरल्यास ते त्याआधीच संपुष्टात येते. अमेरिकेत औषधनिहाय पेटंटे ‘ऑरेंज बुक’मध्ये नोंदलेली असतात. भारतात तशी अधिकृत यादी नसल्याने पेटंट कार्यालयाच्या नोंदी एकेक करून तपासाव्या लागतात.

या तपासणीचे महत्त्व बहुऔषध प्रतिरोधी क्षयरोगावरील बेडाक्विलिनच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. त्याच्या मूळ संयुगाचे पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होते. तथापि, जॉन्सन अँड जॉन्सन समूहाने फ्युमरेट क्षारासाठी स्वतंत्र अर्ज केला होता. तो मंजूर झाला असता तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. क्षयरोगातून बऱ्या झालेल्या नंदिता व्यंकटेशन व फुमेझा टिसिले यांनी २०१९ मध्ये हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये हा अर्ज फेटाळला गेला.

म्हणून केवळ पेटंटांची संख्या पुरेशी नाही. प्रत्येक पेटंट कशावर आहे, कोणता अर्ज प्रलंबित आहे आणि शेवटची मुदत कोणती, यावर स्वस्त जेनेरिक औषध रुग्णाला केव्हा मिळणार हे अवलंबून असते.