दिशेचं आणि वेळेचं एकच गणित

फेंग शुई महाराष्ट्रात आली ती बहुतांशी वस्तूंच्या रूपात. हसरा बुद्ध, तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा बेडूक, लाल दोऱ्यात ओवलेली चौकोनी भोकाची नाणी, काचेच्या भांड्यातला ‘लकी बांबू’. यातल्या बऱ्याच वस्तूंचा मूळ विद्येशी संबंध दूरचाच. हसरा बुद्ध म्हणजे गौतम बुद्ध नव्हेत. दहाव्या शतकात आजच्या झेजियांग प्रांतात फिरणाऱ्या बुदाई नावाच्या भिक्षूची ती प्रतिमा आहे. लोकांनी पुढे त्याला मैत्रेयाचा अवतार मानलं. लकी बांबू तर बांबूच नाही. ती ड्रॅसिना वर्गातली, मूळची मध्य आफ्रिकेतली वनस्पती आहे. या वस्तूंच्या गर्दीमागे मात्र दोन हजार वर्षांहून जुनी विचारपद्धती उभी आहे. जमीन कशी पाहावी, काळ कसा मोजावा आणि या दोहोंत माणसाने आपली जागा कशी ठरवावी, याचा तिने कसून विचार केला आहे. तिचे दावे जरूर पारखून घ्यावेत; पण आधी ती म्हणते काय, ते समजून घ्यायला हवं.

पाठीशी डोंगर, समोर पाणी

या विद्येची जुनी ग्रंथपरंपरा थडग्यांभोवती वाढली. ‘झांग शू’ हा दफनविधीचा ग्रंथ परंपरेने ग्वो पू (२७६–३२४) या विद्वानाच्या नावावर सांगितला जातो. त्यातला गाभ्याचा विचार असा : सृष्टीत ‘ची’ नावाचा प्राणप्रवाह वाहतो; मोकाट वाऱ्यावर तो विखुरतो आणि पाण्यापाशी थबकतो. जिथे तो साठतो अशा जागी पूर्वजांच्या अस्थी ठेवल्या, तर त्याचं फळ वंशजांना मिळतं. म्हणून थडगं हे ‘यिन घर’ आणि राहती वास्तू हे ‘यांग घर’. दोन्हींसाठी जागा निवडण्याची तत्त्वं सारखीच.

आदर्श जागेचं चित्र चार प्राण्यांनी रेखलेलं असतं. पाठीशी उंच डोंगर हे उत्तरेचं काळं कासव, डाव्या हाताची टेकड्यांची रांग हा पूर्वेचा हिरवा-निळा ड्रॅगन, उजवीकडची थोडी ठेंगणी रांग हा पश्चिमेचा पांढरा वाघ आणि समोरचं मोकळं मैदान व पाणी हा दक्षिणेचा लाल पक्षी. ड्रॅगन आणि वाघाची जोडी फार जुनी आहे. हेनान प्रांतात पुयांगजवळ १९८७ मध्ये नवाश्मयुगातलं एक थडगं सापडलं. त्यात मृतदेहाच्या दोन बाजूंना शिंपल्यांनी रचलेले ड्रॅगन आणि वाघ होते.

या चित्रामागे उत्तर चीनचं हवामान आहे. हिवाळ्यात मंगोलिया-सैबेरियाकडून बोचरे कोरडे वारे येतात, ते अडवायला उत्तरेला डोंगर हवा. ऊन दक्षिणेकडून येतं, म्हणून दार दक्षिणेला. पाणी जवळ असावं, पण पुराच्या टप्प्यात नसावं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेतीतून आलेलं हे शहाणपण आहे आणि फेंग शुईचा सर्वांत भक्कम भागही हाच.

यिन-यांग आणि पाच अवस्था

डोंगराची उन्हातली बाजू यांग, सावलीतली यिन. दिवस पुढे सरकला की हीच बाजू त्या बाजूची जागा घेते. यिन आणि यांग हे चांगलं-वाईट असे दोन गट नाहीत. एकाच गोष्टीच्या त्या चढत्या-उतरत्या स्थिती आहेत. एक टोकाला पोचली की तिच्या पोटात दुसरी सुरू होते.

याच बदलाची बारीक मांडणी म्हणजे लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी. आपली पंचमहाभूतं जग कशाचं बनलं आहे ते सांगतात. चिनी पंचकाचा भर जग कसं बदलतं यावर आहे. लाकडातून अग्नी पेटतो, अग्नीची राख होऊन माती होते, मातीच्या पोटात धातू सापडतो, धातूवर दव धरतं, पाण्यावर झाड वाढतं. हे पोषणाचं चक्र. दुसरं चक्र आवर घालण्याचं : झाडाची मुळं मातीला भेदतात, माती पाणी अडवते, पाणी अग्नी विझवतं, अग्नी धातू वितळवतो, धातूची कुऱ्हाड लाकूड तोडते. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात झोऊ यान याने हा विचार राजवंशांच्या उदयास्तालाही लावला. इ. स. पूर्व २२१ मध्ये चीन एका छत्राखाली आणणाऱ्या छिन सम्राटाने आपल्या राजवटीचं तत्त्व पाणी मानलं आणि पाण्याचा म्हणून काळा रंग स्वीकारला. चिनी वैद्यकात यकृत लाकडाचं, हृदय अग्नीचं आणि मूत्रपिंड पाण्याचं मानतात, तेही याच सूत्राने.

बारा शाखा, दहा खोडं

या सगळ्या पद्धतीची गुरुकिल्ली म्हणजे ‘बारा शाखा’ आणि ‘दहा खोडं’ या चिन्हांच्या दोन मालिका. दहा खोडं म्हणजे पाच अवस्थांची यिन आणि यांग अशी दुहेरी रूपं. बारा शाखांतली पहिली ‘त्झ’. उंदराचं वर्ष तिचं, मध्यरात्रीचे दोन तास तिचे, दक्षिणायन संपतं तो महिना तिचा आणि उत्तर दिशाही तिचीच. सातवी शाखा ‘वू’ : घोडा, भर दुपार, उन्हाळ्याचा कळस, दक्षिण. एकच चिन्ह तास, महिना, वर्ष आणि दिशा दाखवतं. काळ आणि अवकाश वेगळे मोजायचेच नाहीत, ही या विद्येची मूळ भूमिका इथे स्पष्ट दिसते. घर बांधण्याचा मुहूर्त आणि घराचं तोंड एकाच हिशेबात बसतात ते त्यामुळे.

बारा शाखा आणि दहा खोडं जोडीने फिरवली की साठ जोड्या होतात. आपल्या प्रभव ते क्षय या साठ संवत्सरांची आठवण इथे होणारच. पण आपली साठी गुरूच्या गतीशी जोडलेली आहे, चिनी साठी दहा आणि बाराच्या लसाविमधून आलेली. शांग काळातल्या, तीन हजारांहून अधिक वर्षं जुन्या भाकित-अस्थींवर या साठ जोड्यांनी मोजलेले दिवस कोरलेले आहेत. जन्माचं वर्ष, महिना, दिवस आणि तास यांची एकेक जोडी मांडली की चार स्तंभांची, आठ अक्षरांची चिनी पत्रिका तयार होते.

ही गणना समाजावर किती खोल परिणाम करते, याचं ठळक उदाहरण जपानात घडलं. अग्नी-घोड्याच्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला जड जाते, असा तिथला समज. १९६६ हे असं वर्ष होतं. त्या वर्षी जपानमधले जन्म आदल्या वर्षापेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने घटले. साठ वर्षांनी, २०२६ मध्ये, तेच वर्ष पुन्हा आलं आहे.

लुओपान

जागा पाहणाऱ्याच्या हातातलं यंत्र म्हणजे लुओपान. चौकोनी पाटावर फिरणारी गोल तबकडी, मधल्या खळग्यात लहानशी चुंबकसुई आणि तिच्याभोवती एकाबाहेर एक अक्षरांची वर्तुळं. चौकोन पृथ्वीचा, वर्तुळ आकाशाचं. महत्त्वाच्या वर्तुळात चोवीस ‘पर्वत’ असतात, प्रत्येकी पंधरा अंशांचे : बारा शाखा, मध्याची दोन वगळून उरलेली आठ खोडं आणि चार कोनदिशांची चार त्रिरेखा-चिन्हं. अशा त्रिरेखा एकूण आठ; त्यांपासूनच ‘यी चिंग’ या ग्रंथातल्या चौसष्ट आकृत्या तयार होतात. मधल्या गणितात लुओ शू हा तीन बाय तीनचा चौरस वापरतात. एक ते नऊ अंक असे मांडलेले, की आडवी, उभी, तिरकी बेरीज पंधराच येते.

या विद्येने विज्ञानालाही काही दिलं. अकराव्या शतकात शेन कुओ या बहुश्रुत अधिकाऱ्याने नोंदवलं आहे, की चुंबकावर घासलेली सुई दक्षिण दाखवते, पण नेहमी थोडी पूर्वेकडे कललेली असते. चुंबकीय विचलनाच्या जगातल्या अगदी जुन्या नोंदींपैकी ही एक.

पुढे दोन परंपरा ठळक झाल्या. जियांग्शी प्रांतातली रूपपरंपरा डोंगरांच्या रांगा आणि पाण्याची वळणं वाचते. थांग काळातला यांग युनसोंग तिचा आद्य आचार्य मानला जातो. फूजियान प्रांतातली होकायंत्र-परंपरा दिशा, अंक आणि काळ यांचा हिशेब मांडते. ‘उडते तारे’ या पद्धतीत वीस वर्षांची नऊ पर्वं मोजतात. त्यातलं नववं २०२४ मध्ये सुरू झालं.

राजवाड्याची कौलं

सगळ्या कल्पना एकत्र पाहायच्या तर बीजिंगचा राजवाडा पाहावा. बांधकाम १४०६ ते १४२०. तोंड दक्षिणेला, दक्षिणेच्या महाद्वाराचं नाव ‘वूमन’, म्हणजे त्या सातव्या शाखेचं द्वार. उत्तरेला नैसर्गिक डोंगर नव्हता, म्हणून खंदकांतून निघालेल्या मातीचा जिंगशान उभा केला. वायव्येकडून आत घेतलेली सोनजळ नदी वळण घेत मुख्य दालनांच्या समोरून जाते. छपरांवर पिवळी कौलं, कारण पिवळा रंग मातीचा, मध्याचा. सम्राटाचं ग्रंथागार वेनयुआन-गे मात्र काळ्या कौलांचं आहे. काळा रंग पाण्याचा. पुस्तकांना आगीचं भय, म्हणून डोक्यावर पाणी.

आता हिशेबाची दुसरी बाजू. राजवाडा पुरा झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, १४२१ मध्ये, वीज पडून तिन्ही मुख्य दालनं जळाली. बीजिंगच्या उत्तरेला तीन बाजूंनी डोंगर असलेल्या निवडक खोऱ्यात मिंग घराण्याचे तेरा सम्राट पुरले आहेत. तरी १६४४ मध्ये घराणं बुडालं आणि शेवटच्या सम्राटाने गळफास घेतला तो जिंगशानवर, राजवाड्याची पाठ राखायला रचलेल्या त्याच टेकडीवर.

असे प्रश्न चिनी विचारवंतांनीच आधी विचारले. आडनावाच्या उच्चारावरून दाराची दिशा ठरवण्याच्या रीतीवर वांग छोंगने पहिल्या शतकातच कोरडे ओढले. सातव्या शतकात थांग सम्राटाने ल्यू त्साय याला या ग्रंथांची छाननी करायला सांगितलं. त्याने विचारलं : चांगपिंगच्या लढाईनंतर गाडले गेलेले असंख्य सैनिक काय एकाच पत्रिकेचे होते? या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर अजून कुठल्याही पत्रिकेने दिलेलं नाही.

आपल्या घरापर्यंत

घराच्या दारापासून नऊ चौकोन मोजून ‘संपत्तीचा कोपरा’ शोधण्याची रीत प्राचीन नाही. ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिन युन यांनी अमेरिकेत रुजवली. होकायंत्राची गरज नसल्यामुळे ती झपाट्याने जगभर गेली आणि आपल्याकडच्या बाजाराने तिच्याबरोबर वस्तूही आणल्या.

पण जुन्या रूपपरंपरेच्या कसोटीवर पाहिलं तर चिनी नकाशा जसाच्या तसा इथे लावताच येत नाही. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो. कोकणात डोंगर पूर्वेला आणि पाणी पश्चिमेला. झोडपणारा पाऊस नैऋत्येकडून येतो, म्हणून तिथे पश्चिमेच्या भिंतीला झावळ्यांचे झाप बांधतात. जमीन वाचायला सांगणाऱ्या विद्येचं कोकणातलं उत्तर हे असंच असणार.

हाँगकाँगच्या जुन्या खेड्यांमागे ‘फेंग शुई वनं’ आहेत. गावाची पाठ राखणारी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या त्यांवर कुऱ्हाड चालली नाही आणि आज तिथे दुर्मीळ स्थानिक वृक्ष टिकून आहेत. सह्याद्रीतल्या देवराया अशाच श्रद्धेने राखल्या गेल्या. नशिबाची हमी ही विद्या देऊ शकत नाही. तशी हमी विकणाऱ्याला पैसे देऊ नयेत. पण घर बांधण्याआधी वारा कुठून येतो, पाणी कुठे मुरतं, ऊन कधी कुठे पडतं हे पाहायची सवय तिने कोट्यवधी माणसांना लावली. डोंगर पोखरून आणि ओढे बुजवून वसाहती उभारणाऱ्या आपल्या शहरांनी तिच्याकडून घ्यायची गोष्ट असेल, तर ती हीच.