भिंतीला रंग देण्यापूर्वीं

पावसाळा सरून नवरात्र जवळ येऊं लागलें, कीं मुंबई-पुण्याच्या अनेक घरांत एकाच विषयाची चर्चा सुरू होते. दिवाळीपूर्वीं घराला रंग द्यावयाचा. पण काम सोंपवावयाचें कोणावर? शेजारी एक नांव सुचवितात, दुकानदार दुसरें. आणि अखेरीस ज्याचा आंकडा सर्वांत लहान, त्याच्या हातीं घर दिलें जातें. पुढें वर्षाच्या आंतच पोपडे सुटूं लागले, म्हणजे दोष रंगाला देण्यांत येतो. वस्तुतः पुष्कळदां दोष रंगाचा नसतो. रंगापूर्वीं जें व्हावयास हवें होतें, तें झालेलें नसतें.

भिंतीवर डोळ्यांना दिसतो तो शेवटचा हात. पण त्याला टिकवितात तीं त्याच्याखालचीं कामें. जुना सैल थर खरवडणें, भेगा बुजविणें, घासून पृष्ठभाग सारखा करणें व अस्तराचा हात देणें, हीं तीं कामें होत. लबाड कंत्राटदार काटकसर करतो ती येथेंच. कारण वर रंग चढला, कीं खालचें काम झालें कीं नाहीं हें घरमालकाला कळण्याचा मार्ग उरत नाहीं.

यास्तव विश्वासू माणसाची पहिली खूण ही, कीं तो दर सांगण्यापूर्वीं भिंत पाहतो. तळहात भिंतीवर घासून पांढरी भुकटी लागली, तर ती काढल्यावांचून नवा रंग धरणार नाहीं, हें तो जाणतो. न्हाणीघरालगतच्या भिंतीला लोणा लागला असल्यास ‘आधीं गळती शोधा’ असें सांगून तो आपलें काम स्वतःच लांबणीवर टाकतो. ओलीची परीक्षा घरींहि करतां येते. हातभर प्लास्टिकचा कागद चारी कडांनीं चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवावा व दुसऱ्या दिवशीं काढावा. भिंतीकडील बाजूस थेंब दिसले, तर ओल भिंतींतच आहे. अशा भिंतीवर भारी किंमतीचा रंगहि तगत नाहीं. कंत्राटदाराचें पूर्वींचें काम पाहावयाचें, तर गेल्या महिन्यांतलें पाहूं नये. दोन पावसाळे काढलेलें घर पाहावें.

यानंतर मोजमाप. १० फूट रुंद, १२ फूट लांब व १० फूट उंच अशा खोलीच्या चार भिंती मिळून ४४० चौरस फूट भरतात. छताचे १२० मिळविले म्हणजे ५६०. कंत्राटदार यालाच ५.६ ब्रास म्हणेल, कारण त्याच्या हिशेबीं १०० चौरस फुटांचा एक ब्रास होतो. दारें-खिडक्या वजा करावयाच्या कीं नाहीं, हें आधींच ठरवावें. दोघां-तिघांकडून अंदाजपत्रकें घ्यावीं. मात्र तीं एकाच मापावर, एकाच प्रतीच्या रंगावर व तितक्याच हातांवर बेतलेलीं असावींत. एरवीं स्वस्त-महाग या शब्दांना अर्थ राहत नाहीं. उक्त्या कामांत हात कमी देण्याचा मोह होतो, तर रोजंदारींत दिवस वाढविण्याचा. म्हणून रंगाची प्रत, अस्तर, हातांची संख्या, मुदत आणि सफाईची जबाबदारी हें सर्व कागदावर असावें. डबे सीलबंद यावेत व घरांतच उघडावेत. पाणी किती मिसळावें तें डब्यावर छापलेलें असतें. त्याहून अधिक पाणी पडलें, तर हातांची संख्या भरते, पण भिंत झांकत नाहीं.

जुन्या घरांत एक धोका पैशाहून मोठा आहे, तो शिशाचा. घरगुती रंगांत दहा लक्ष भागांमागें ९० भागांहून अधिक शिसें असूं नये, असा नियम भारतांत २०१६ सालीं झाला व १ नोव्हेंबर २०१७ पासून अंमलांत आला. त्यापूर्वींच्या ऑइलपेंटांत तें असणें शक्य आहे. दारें-खिडक्यांवरील असा रंग कोरडा घासला, कीं बारीक धूळ उडते. ती लहान मुलांच्या पोटांत गेल्यास मेंदूच्या वाढीस अपाय होतो. तो थर ओला करूनच घासावा, धूळ ओल्या फडक्यानें पुसावी, आणि मुलांना व गर्भवती स्त्रियांना तोंपर्यंत दूर ठेवावें. ही गोष्ट काढतांच जो हंसण्यावारी नेईल, त्याला काम न दिलेलें बरें.

राहतां राहिला पैशाचा प्रश्न. सगळी रक्कम आगाऊ देणें म्हणजे स्वतःचा अधिकार गमावणें होय. परंतु सगळी अडवून धरणेंहि न्याय्य नव्हे, कारण परांचीवर चढणाऱ्या रंगाऱ्याची चूल मजुरीवरच पेटते. माल आला, अस्तर पुरें झालें, शेवटचा हात झाला, अशा टप्प्यांनीं पैसे द्यावेत. दशांश रक्कम मात्र दिवसाच्या उजेडांत प्रत्येक भिंत पाहून झाल्यावर द्यावी. अस्तराचा टप्पा पाहिल्याशिवाय पुढचा हात चढूं न देणारा घरमालक सहसा फसत नाहीं. आणि चांगल्या कंत्राटदाराला असा घरमालक आवडतो.