‘डिसइंटरेस्टेड’ व ‘अनइंटरेस्टेड’ : एक अर्थविचार

इंग्रजीतील परस्परसदृश शब्दांपैकी ज्यांच्या गोंधळाने केवळ शैलीची नव्हे तर अर्थाचीच हानी होते, अशा जोड्यांत ‘डिसइंटरेस्टेड’ व ‘अनइंटरेस्टेड’ या जोडीची गणना करावी लागेल. न्यायाधीश पहिल्या प्रकारचा असावा, दुसऱ्या प्रकारचा नसावा, एवढे म्हटले की भेद ध्यानात येतो. पहिल्या शब्दाचा अर्थ, निर्णयाशी ज्याचा स्वतःचा लाभालाभ निगडित नाही असा. दुसऱ्याचा अर्थ, ज्याला त्या विषयात मुळी रसच नाही असा. पहिला पुरावा बारकाईने ऐकेल. दुसऱ्याला जांभया येतील.

या भेदाचे मूळ दोन उपसर्गांत शोधण्याची प्रवृत्ती अभ्यासकांत आढळते. ती व्यर्थ होय. दोन्ही उपसर्ग नकारवाचकच आहेत. द्व्यर्थी आहे तो ‘इंटरेस्ट’ हा शब्द. ‘मध्ये असणे, महत्त्वाचे असणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून तो आला. इंग्रजीत त्याचा जुना अर्थ कायदेशीर हक्क वा हितसंबंध असा असून, जिज्ञासा किंवा मनाची ओढ हा अर्थ बराच उत्तरकालीन आहे. मराठीत या दोन अर्थांना ‘हितसंबंध’ व ‘रस’ असे स्वतंत्र शब्द असल्याने (आणि तिसऱ्या, सावकारी अर्थाला ‘व्याज’ असल्याने) हा घोटाळा मराठीत मुळात उद्भवू नये. तरीही भाषांतरात तो उद्भवतो, कारण भाषांतरकार अर्थाऐवजी शब्दाकडे पाहतो.

न्यायालयीन भाषेत याचे परिणाम गंभीर होऊ शकतात. राजस्थानातील एका खून खटल्यात मृताची पत्नी प्रत्यक्षदर्शी साक्षीदार होती. नातलग साक्षीदार म्हणजे ‘इंटरेस्टेड’ साक्षीदार नव्हे. खटल्याच्या निकालापासून ज्याला काही लाभ होतो त्यालाच हे विशेषण लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये स्पष्ट केले. येथे ‘हितसंबंधी साक्षीदार’ हेच भाषांतर योग्य. ‘आस्था असलेला’ असे लिहिल्यास न्यायालयाने केलेला भेदच पुसला जातो; पतीच्या खुनाचा छडा लागावा अशी आस्था पत्नीला नसावी काय?

तथापि या भेदाला सनातन नियम मानणाऱ्यांना शब्दांचा इतिहास अडचणीचा ठरतो. सतराव्या शतकात ‘डिसइंटरेस्टेड’ हा शब्द ‘पर्वा नसलेला’ या अर्थाने, तर ‘अनइंटरेस्टेड’ हा ‘निःपक्षपाती’ या अर्थाने वापरलेला आढळतो. म्हणजे आज ज्याला चूक म्हणतात तोच प्राचीनतर प्रयोग! पुढे अर्थांची अदलाबदल होऊन आजची विभागणी रूढ झाली. ती उपयुक्त आहे म्हणून पाळावी. मूळची आहे म्हणून नव्हे. मॅथ्यू आर्नल्डने १८६५ च्या सुमारास समीक्षेचा नियम म्हणून ‘डिसइंटरेस्टेडनेस’ची मागणी केली, तेव्हा त्याला व्यावहारिक व पक्षीय हेतूंपासून मुक्तता अभिप्रेत होती. तिचे ‘उदासीनता’ असे भाषांतर करणारा विद्यार्थी आर्नल्डच्या तोंडी नेमका उलट विचार घालतो.

पण ‘उदासीन’ शब्दाचाच प्रवास पाहण्यासारखा आहे. शब्दशः तो ‘अलिप्तपणे बसलेला’. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात ‘उदासीन’ व ‘मध्यस्थ’ हे शब्द लागोपाठ येतात. शांकरभाष्यानुसार उदासीन म्हणजे कोणाचाच पक्ष न घेणारा, आणि मध्यस्थ म्हणजे दोन्ही विरोधकांचे हित इच्छिणारा. कौटिल्याच्या मंडलसिद्धांतातील उदासीन राजाही दुबळा वा बेपर्वा नसून समर्थ आहे. आजच्या मराठीत मात्र या शब्दाला अनास्थेची, कधी खिन्नतेचीही छटा आली आहे. तटस्थ माणसाला आस्था नसावी, असे लोक सहज गृहीत धरतात. या गृहीतानेच दोन भिन्न भाषांत अर्थ एकाच दिशेने सरकला असावा. म्हणून ‘डिसइंटरेस्टेड’साठी संदर्भानुसार ‘निःपक्षपाती’, ‘निःस्वार्थ’ किंवा ‘हितसंबंधरहित’ हे शब्द योजावेत.

नामांच्या बाबतीत इंग्रजीचीही विभागणी पक्की नाही. ‘डिसइंटरेस्टेडनेस’ने निःपक्षपाताचा अर्थ राखला आहे, परंतु आखूड ‘डिसइंटरेस्ट’ हे रूप आज बहुधा ‘रस नसणे’ याच अर्थाने वापरले जाते.