पंखा फिरतो, पडदा मात्र काळा!

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात नाकाडोंगरी हे गाव आहे. समजा, तेथील एका विद्यार्थ्याने घरच्यांनी साठवलेल्या पैशांतून संगणकाचे सुटे भाग आणले. मदरबोर्डवर प्रोसेसर बसवला, रॅमच्या पट्ट्या खोचल्या, वायरी जोडल्या आणि बटण दाबले. पंखे फिरू लागले, दिवे लागले. पण मॉनिटरचा पडदा काळा तो काळाच!

आता काय करावे? सारे खोके बांधून नागपूरच्या दुकानात न्यावे, तर दिवस मोडणार. कोणी ‘मदरबोर्ड गेला’ म्हणाले म्हणून नवा घ्यावा आणि दोष निघावा वायरीत, तर पैसेही गेले आणि पडदाही काळाच राहिला. अशा वेळी प्रयोगशाळेत शिकलेली एक साधी रीत फार उपयोगी पडते. ती आज पाहू.

साखळी कोठे तुटली?

पडद्यावर चित्र येणे ही एका लांब साखळीची शेवटची कडी आहे. भिंतीतल्या सॉकेटमधून २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज पॉवर सप्लायमध्ये जाते. तेथे तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर होते. ही वीज मिळाली की प्रोसेसर जागा होतो आणि मदरबोर्डवरच्या एका चिपमधून पहिल्या सूचना वाचतो. या सूचनांना बायोस म्हणतात. बायोस रॅम तपासतो, चित्र तयार करणारा भाग शोधतो आणि मग केबलमधून मॉनिटरकडे संकेत जातो.

सुरुवातीच्या या आत्मपरीक्षेला ‘पोस्ट’ म्हणतात. १९८१ साली आलेला आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटरही ही परीक्षा घेई आणि सर्व ठीक असल्यास एकदा ‘पीं’ असा आवाज करी. आजच्या अनेक मदरबोर्डांवर आवाजाऐवजी चार बारीक दिवे असतात: प्रोसेसर, रॅम, चित्र आणि डिस्क यांसाठी एकेक. जो दिवा विझत नाही, तेथे साखळी अडली असे समजावे.

मग पंखा फिरला यावरून काय सिद्ध झाले? एवढेच, की पंख्यापर्यंत वीज आली! प्रोसेसरला १२ व्होल्टची वेगळी जोडणी लागते. तिचा प्लग बहुधा आठ पिनांचा असतो आणि प्रोसेसरजवळच बसतो. तो लावायचा राहिला तर पंखे फिरतात, प्रोसेसर मात्र झोपलेलाच राहतो.

आधी सोपे, मग अवघड

प्रथम सुरक्षितता. आत हात घालण्यापूर्वी संगणक बंद करून प्लग काढा. मग संगणकाचे बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलासुरला विद्युतभार निघून जाईल. अंगावरची स्थितिक वीज चिपांना मारक ठरते, म्हणून कॅबिनेटच्या उघड्या धातूला आधी स्पर्श करा. पॉवर सप्लायचा डबा मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातील धारित्रांत धोकादायक भार राहू शकतो.

आता शेवटच्या कडीपासून सुरुवात करा. मॉनिटर ‘सिग्नल नाही’ असे दाखवत असेल, तर त्याला वीज मिळते आहे. घरचा सेट-टॉप बॉक्स त्याच केबलने जोडून पाहा. चित्र आले तर मॉनिटर आणि केबल दोन्ही निर्दोष. ग्राफिक्स कार्ड बसवले असेल, तर केबल कार्डालाच जोडली आहे ना? ती चुकून मदरबोर्डाला जोडली जाणे फार सामान्य आहे. कार्ड नसेल, तर प्रोसेसरमध्ये चित्राची सोय आहे का ते पाहा. इंटेलच्या ‘एफ’ अक्षराने संपणाऱ्या प्रोसेसरांत ती नसते.

शिवाय थोडा धीर धरा. डीडीआर-५ जातीची रॅम असल्यास पहिल्या वेळी तिची जुळणी होण्यास काही मिनिटे लागू शकतात. तोवर पडदा काळाच असतो आणि तो दोष नव्हे.

लहान यंत्र आधी

एवढे करूनही अंधारच असेल, तर संगणक लहान करा. मदरबोर्ड, प्रोसेसर व त्याचा पंखा, रॅमची एकच पट्टी आणि पॉवर सप्लाय एवढेच ठेवा. प्रोसेसरमध्ये चित्राची सोय नसेल तर कार्डही राहू द्या. बाकी सारे काढा.

ही रीत नवी नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा संगणक बांधला गेला, तेव्हा शास्त्रज्ञांनी थेट मोठे यंत्र जोडले नाही. आधी एक लहान नमुना यंत्र केले. ते १९५६ साली चालू झाले. त्यावर रचना पारखून घेतल्यावर सुमारे २७०० निर्वात नलिकांचा मोठा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला.

एका वेळी एकच बदल

समजा, रॅमची ‘अ’ पट्टी काढून ‘ब’ लावली आणि पडदा उजळला. ‘अ’ खराब ठरली का? अजून नाही! कदाचित ती नीट बसली नसेल. म्हणून ‘अ’ पुन्हा त्याच खाचेत, टक् आवाज येईपर्यंत दाबून बसवा. पडदा पुन्हा काळा झाला, तरच दोष ‘अ’चा. उजळला, तर दोष बसवण्यातला. दोष घालवता आला आणि परत आणताही आला, तरच तो सापडला म्हणावे. दोन बदल एकदम केले, तर कोणामुळे काय झाले हे कधीच कळत नाही. म्हणून प्रत्येक बदल वहीत लिहा.

रॅमचा वेग वाढवल्यावर पडदा काळा झाला असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, प्लग काढलेला असताना, काही मिनिटे काढून ठेवा. बायोसमधील बदल पुसले जाऊन मूळ मांडणी परत येते. मात्र हा सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळल्यास तो जिवावर बेततो.

या सेलवर बहुधा ‘सीआर २०३२’ असे लिहिलेले असते. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, दाब ३ व्होल्ट. यात लिथियमबरोबर मँगनीज डायऑक्साइड असतो. तुमसर तालुक्यातल्याच डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून निघणारे मँगनीज डायऑक्साइडचे खनिज कोरड्या विद्युत घटांसाठी वापरले जाते. नाकाडोंगरीच्या मुलांना परिचित असलेला तो काळा दगड आणि संगणकातला हा सेल असे एकमेकांचे नातलग आहेत.

करून पाहा

घरात बंद पडलेली विजेरी शोधा. सेल, पत्री, खटका, दिवा अशी तिची साखळी कागदावर काढा. एका वेळी एकच भाग बदला आणि निरीक्षण लिहा. दोष सापडला असे वाटले की तो मुद्दाम परत आणून दाखवा. शिक्षकांनी वर्गात दोन गटांना एकच विजेरी द्यावी आणि त्यांच्या नोंदी ताडून पाहाव्यात. ज्याला विजेरीचा दोष असा पकडता आला, त्याला संगणकाच्या काळ्या पडद्याची भीती वाटणार नाही.