पाणी आणि पाषाण

पांढुर्ण्याहून सौंसरच्या पूर्वेकडील खेड्यांकडे निघालो की बसाल्टची काळी भूमी मागे पडते आणि ठिकठिकाणी फिकट संगमरवर दिसू लागतो. अतिप्राचीन समुद्रात साचलेला चुनखडक उष्णता व दाबाने रूपांतरित होऊन तो बनला. भूशास्त्रज्ञ या खडकांना ‘सौंसर समूह’ म्हणतात. त्यातील संगमरवरी थरांना लोहांगी व बिचुआ ही गावांची नावे आहेत. पांढुर्णा जिल्हा 2023 मध्ये झाला व सौंसर त्यात आले. भूशास्त्रात मात्र हे नाव कितीतरी आधी पोहोचले होते.

हे सारे मला फार उशिरा कळले, तेही एका मुलाच्या दातांमुळे.

त्या पट्ट्यातील एका खेड्यातून एक माता तान्ह्या मुलाला लसीकरणासाठी आणीत असे. एकदा ती म्हणाली, “डाक्टरसायब, इहिरीच्या पाण्यात दाय शिजत नाही जी. आता बोरिंगचं घेतो, लय गोड हाये.” मी समाधानाने मान डोलावली. जड पाणी वाईट, हलके पाणी चांगले, ही समजूत मीही कधी तपासली नव्हती.

आठ वर्षांनी तोच मुलगा आला. नव्या दातांवर खडूसारखे पट्टे व तपकिरी डाग होते. बोरिंगच्या पाण्याची तपासणी करविली, तेव्हा फ्लोराइड लिटरमागे 1.5 मिलिग्रॅम या कमाल मर्यादेहून अधिक निघाले.

कारण पाषाणातच होते. चुनखडीच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर असते. त्याच्याशी संयोग पावून फ्लोराइड मोठ्या प्रमाणात साक्याच्या रूपाने खाली बसते. खोल नाइस खडकातील पाणी हलके असेल, तर फ्लोराइडला अडविणारे कॅल्शियम तेथे नसते. अशा पाण्यात डाळ लवकर शिजते. दोष मात्र जिभेला कळत नाही. पाणी उकळल्यानेही तो जात नाही.

मित्रहो, कायमच्या पुढच्या दातांचे एनॅमल पहिल्या काही वर्षांतच घडते; डाग दिसतात तेव्हा वेळ गेलेली असते. म्हणून लसीकरणाच्या वेळीच ‘पाणी कुठले पिता?’ हा प्रश्न आपण विचारावा आणि चवीवर विश्वास न ठेवता पाणी तपासून घ्यावे.

त्या घरच्या विहिरीचे पाणी तपासले. फ्लोराइड मर्यादेत होते. आता ती माता डाळ रात्रीच भिजत घालते, विहिरीचे पाणी उकळून पाजते. मुलाची धाकटी बहीण दोन वर्षांची आहे. तिचे कायमचे दात अजून घडत आहेत.