विश्लेषण : ड्रॅग रेसच्या गाडीचे चाक ‘आऊट’ आहे का, हे कसे तपासतात?

अमेरिकेतील ड्रॅग रेस मुळात पाव मैलाची, म्हणजे ४०२ मीटरची. ‘टॉप फ्युएल’सारख्या सर्वांत वेगवान गटांसाठी ‘एनएचआरए’ या संघटनेने २००८ मध्ये हे अंतर १,००० फुटांवर आणले, तरी या गाड्या ताशी ५३० किलोमीटरच्या पुढे जातात. चर्चा इंजिनाची होते. पण दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळेत मेकॅनिक गाडी जॅकवर घेऊन हाताने चाक फिरवत बसतो, तो कशासाठी?

‘रनआऊट’ म्हणजे काय?

सायकलच्या दुकानात ‘चाकाचा आऊट काढून द्या’ म्हणतात, तोच हा. फिरताना चाक डावी-उजवीकडे लचकत असेल तर बाजूचा आऊट. वर-खाली होत असेल तर गोलाईचा. २६ इंच व्यासाचे पुढचे चाक ताशी २४० किलोमीटरला सेकंदात सुमारे ३२ वेळा फिरते. म्हणजे रिमला एक बाक असेल तर स्टीअरिंगला सेकंदात ३२ झटके. १५ इंची रिमच्या कडेला १० ग्रॅमचा असमतोल असेल, तर या वेगाला तो सुमारे आठ किलो वजनाइतक्या जोराने चाक ओढतो. बॅलन्सिंगची वजने लावून हा असमतोल भरून निघतो, बाक मात्र तसाच राहतो. इथेच अनेकांची फसगत होते.

चाकाला मार कुठे बसतो?

ताकदवान गाडी सुटताना पुढची चाके हवेत उचलली जातात आणि मग डांबरावर आदळतात. पुढच्या रिम अरुंद आणि हलक्या. बाक येतो तो बहुधा तिथेच. मागच्या चाकांचे दुखणे वेगळे. टॉप फ्युएलच्या मागच्या टायरमध्ये हवा जेमतेम ६-७ पीएसआय असते, त्यामुळे सुटताना टायर रिमवर घसरण्याचा धोका असतो. म्हणून अनेक ड्रॅग गाड्यांत टायरची कड रिमला बोल्टच्या रिंगने किंवा स्क्रूने जखडतात. टायर आणि रिम यांवर मिळून खडूची एक रेघ ओढायची. धाव संपल्यावर रेघ तुटलेली दिसली, तर टायर सरकला. फुकटातली तपासणी आहे ही.

आऊट मोजतात कसा?

आधी चाक वर-खाली धरून हलवायचे. बेअरिंगमध्ये खेळ असेल तर पुढचे मोजमाप व्यर्थ. मग चाक काढून हबचा गंज, रंगाचे पापुद्रे खरवडायचे आणि हबच्याच तोंडावर डायल गेज लावायचा. सहा इंची हबच्या कडेला ०.१ मिलिमीटरचा दोष १५ इंची रिमच्या कडेला ०.२५ होऊन दिसतो. त्यानंतर चाक बसवून नट समोरासमोरचे आळीपाळीने, टॉर्क रेंचने आवळायचे. गेजची सुई रिमच्या बाहेरच्या, ओरखडे पडलेल्या ओठावर नव्हे, तर टायरची कड बसते त्या जागी टेकवायची. पूर्ण फेऱ्यातील सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा यांतील फरक म्हणजे आऊट. रस्त्यावरच्या अलॉय चाकाला साधारण पाऊण मिलिमीटरपर्यंत चालवून घेतात. रेसच्या चाकाला उत्पादकाने दिलेला आकडा पाहावा.

दोष चाकाचा की हबचा, हे ठरवायचे असेल तर चाक दोन स्टड पुढे फिरवून पुन्हा बसवायचे. उंच जागा चाकाबरोबर सरकली तर रिम वाकडी. जागच्या जागी राहिली तर हब.

डायलला काय दिसत नाही?

तडे. गोलाई अचूक असलेली रिमही तडकलेली असू शकते. स्टडची भोके, आऱ्यांची मुळे आणि जोडकामाच्या रेषा धुऊन, उजेडात पाहायच्या. शंका आली तर लाल भेदक द्रव लावून पुसायचा आणि वर पांढरा डेव्हलपर फवारायचा. तड्यात शिरलेला रंग बाहेर येऊन लाल रेघ उमटते. नटाभोवती काळी भुकटी किंवा चकचकीत घासलेली कडा दिसली, भोक लंबगोल झाले, तर चाक ढिले असताना धावले आहे.

बाक ठोकून काढता येतो का?

आपल्याकडे खड्ड्यात वाकलेले अलॉय सरळ करून देणारी दुकाने गल्लोगल्ली आहेत. घर ते ऑफिस या प्रवासात एक वेळ चालून जाईल. पण वाकून सरळ झालेला ॲल्युमिनियम पूर्वीइतका भरवशाचा राहत नाही आणि ड्रॅगची रिम मुळातच पातळ. ती भंगारातच जायला हवी. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ होते, तिथे रस्त्यावर चालणाऱ्या गाड्याही उतरतात. अशा गाडीची रिम उभ्या उभ्या पाहून भागत नाही. खड्ड्याचा मार बरेचदा आतल्या कडेला बसतो आणि ती कड चाक उतरवल्याशिवाय नीट दिसत नाही.